खांदा दुखावला, आता एक्स-रे, सोनोग्राफी की एमआरआय?

खांद्याविषयी वाचकांचे प्रश्न फिरून फिरून दोनच प्रकारचे येतात. पहिला असा : "गाडीवरून पडलो, एक्स-रे काढला, फ्रॅक्चर नाही म्हणाले. पण महिना झाला तरी हात वर जात नाही. थांबू का अजून?" दुसरा असा : "खांदा दुखत होता म्हणून एमआरआय करून घेतला. रिपोर्टमध्ये 'पार्शल टेअर' आलंय. आता ऑपरेशनच ना?" पहिल्या प्रश्नात तपासणीला उशीर झालेला असतो आणि दुसऱ्यात ती बहुधा घाईने उरकलेली असते. चुका उलटसुलट असल्या तरी मुळाशी समजूत एकच आहे : यंत्र जितके महाग तितके ते जास्त सांगते, आणि ते जे सांगते तेच दुखण्याचे कारण. खांद्याच्या बाबतीत ही समजूत फार वेळा फसते. म्हणून कोणतीही तपासणी लिहून दिली गेली की डॉक्टरांना सरळ विचारा : "रिपोर्ट असा आला तर आपण काय करणार, आणि तसा आला तर काय?" दोन्ही वेळा उत्तर 'व्यायाम आणि गोळ्या' असेच असेल, तर ती तपासणी निदान आज तरी नको. उत्तरे वेगळी असतील तर मात्र एक दिवसही दवडू नका. पुढचा सगळा लेख म्हणजे हा एक प्रश्न वेगवेगळ्या प्रसंगी कसा वापरायचा, त्याचा तपशील आहे.

गरजेपुरती रचना

शाळेत खांद्याला उखळीचा सांधा म्हणतात, पण इथे उखळ नावालाच आहे. दंडाच्या हाडाचा गोल माथा मोठा आणि त्याला टेकायला फऱ्याच्या हाडाची जागा बशीसारखी उथळ. एका वेळी माथ्याचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्सा तिथे टेकलेला असतो. त्यामुळे हात सगळीकडे फिरतो, आणि त्यामुळेच मोठ्या सांध्यांमध्ये सर्वांत जास्त वेळा निखळतो तो खांदाच. माथा जागेवर धरून ठेवण्याचे काम चार स्नायूंच्या कंडरा करतात. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. उथळ जागेच्या काठाला कूर्चेची एक कड असते, ती लॅब्रम. एक्स-रेत हाडे दिसतात, कंडरा आणि लॅब्रम दिसत नाहीत. एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

आजच दाखवायचे, की थोडे थांबता येईल?

पुढीलपैकी काहीही असेल तर घरगुती शेक, लेप, मालीश यांत वेळ न घालवता त्याच दिवशी रुग्णालय गाठा :

- खांद्याची गोलाई जाऊन तिथे कोपरा किंवा खळगा दिसतो आहे, हात अंगाशी आणता येत नाही.
- दंडाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे, मनगट उचलले जात नाही, किंवा हात गार आणि फिका पडला आहे.
- फिट आल्यानंतर किंवा विजेचा झटका बसल्यानंतर खांदा दुखतो आहे आणि हात बाहेरच्या बाजूला वळत नाही.
- ताप आहे, सांधा गरम आणि सुजलेला आहे. मधुमेह असेल तर अधिकच तातडीने.
- मार काहीच नाही, पण डाव्या खांद्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप आहे. हा खांद्याचा आजार समजू नका, आधी ईसीजी.
- पडल्यानंतर हात स्वतःहून वर जात नाही, पण दुसऱ्याने धरून उचलला तर जातो.

या यादीतली शेवटची ओळ सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते, म्हणून तिच्यावर थोडे थांबू. एक्स-रे होऊन फ्रॅक्चर नाही, सांधा जागेवर आहे, हे नक्की झाल्यावर मगच ही पाहणी करायची. तुम्ही स्वतः हात बाजूने वर उचला. मग हात सैल सोडून घरातल्या कोणाला तरी तो हळूच वर न्यायला सांगा. दुसऱ्याने नेल्यावर जातो आणि स्वतःहून जात नाही, याचा अर्थ सांधा मोकळा आहे, पण हात ओढणारी दोरीच तुटलेली असू शकते. दुखऱ्या स्नायूनेही काही दिवस असे होते. पण पंधरवड्यानंतरही ताकद आली नाही, आणि वय चाळिशीच्या पुढे असेल, तर 'मुका मार आहे, बरा होईल' या भरवशावर राहू नका. मार लागून एकदम तुटलेली कंडरा काळाबरोबर मागे आखडत जाते आणि तिच्या स्नायूत चरबी भरू लागते. पहिल्या काही आठवड्यांत जी शिवता आली असती ती वर्षभराने हाडापर्यंत ओढूनही आणता येत नाही. इथे सोनोग्राफी किंवा एमआरआय निर्णय बदलतो, म्हणून तो लगेच करायचा. उलट, दुसऱ्याने उचलूनही हात वर जात नसेल तर प्रकरण बहुधा आखडलेल्या सांध्याचे आहे. त्याकडे पुढे येऊ.

मार न लागता, हळूहळू सुरू झालेले आणि ताकद शाबूत असलेले दुखणे मात्र सहा आठवडे नीट व्यायामोपचार घेऊन पाहण्यासारखे असते. त्या काळात महागड्या प्रतिमेची गरज नसते.

एक्स-रे : स्वस्त आहे, पण नीट काढलेला हवा

एमआरआयच्या जमान्यात 'एक्स-रेत काही दिसत नाही' हे वाक्य इतके रूढ झाले आहे की काही जण तो टप्पाच गाळतात. ही चूक आहे. फ्रॅक्चर, निखळलेला सांधा, हसळीच्या टोकाचा सांधा उचलला जाणे, सांध्याची झीज, एवढेच नव्हे तर कंडरेत साठलेला कॅल्शियमचा खडाही एक्स-रेत स्पष्ट दिसतो. हा खडा विरघळू लागला की रात्रभर माणसाला झोपू देत नाही. एमआरआयमध्ये तो हुकू शकतो आणि भोवतालच्या सुजेमुळे भलताच संशय येऊ शकतो. दंडाचा माथा वर सरकून वरच्या हाडाला जवळजवळ टेकला असेल, तर कफ फार जुना आणि मोठा फाटला आहे, हेही काही शे रुपयांच्या फिल्मवर कळते. शिवाय फुफ्फुसाचे टोक त्याच फिल्मच्या कोपऱ्यात येते. तिथली गाठ खांदेदुखीच्या रूपाने पुढे येऊ शकते, आणि ती शोधायची तर तो कोपराही कोणीतरी पाहायला हवा.

किरणांची भीती अनेकांना असते. खांद्याच्या एका एक्स-रेचा डोस साधारण ०.०१ मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून जगातल्या सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे एका फिल्मसाठी घाबरण्याचे कारण नाही. सीटी स्कॅनचा डोस बराच जास्त असतो, तिथे मात्र 'कशासाठी?' हे विचारलेच पाहिजे.

खरी अडचण वेगळी आहे. मार लागलेल्या खांद्याचा फक्त समोरून काढलेला एक फोटो पुरेसा नसतो. खांदा पुढच्या बाजूला निखळला असेल, आणि बहुतेक वेळा तसाच निखळतो, तर तो समोरून दिसतो. पण मागे निखळला असेल तर समोरचा फोटो जवळजवळ निर्दोष वाटतो. फिट आणि विजेचा झटका ही त्याची ठरलेली कारणे. असे खांदे पहिल्या भेटीत निसटतात आणि 'आखडला आहे' म्हणून महिनोन्‌महिने त्यांना शेक दिला जातो. उपाय साधा आहे : बगलेतून किंवा फऱ्याच्या बाजूने काढलेला दुसरा फोटो. तुमच्या हातातल्या पाकिटात एकच दिशा असेल आणि मार जोराचा असेल, तर "दुसऱ्या अँगलचा काढायचा का?" एवढे विचारायला संकोच करू नका. हात उचलता येत नसतानाही काढता येतील असे अँगल तंत्रज्ञांना ठाऊक असतात.

निखळलेला खांदा बसवून घेताना

कबड्डीचे मैदान, तालमीचा आखाडा, दहीहंडीचा थर आणि दुचाकी ही आपल्याकडची खांदा निखळण्याची नेहमीची ठिकाणे. तिथे नेहमी असाही कोणी असतो ज्याला खांदा 'बसवता येतो'. हाडवैद्याकडे जाण्याचे लोकांचे समर्थन अगदीच निराधार नाही : तो जवळ असतो, पैसे थोडे घेतो, आणि पुष्कळदा खांदा खरोखर बसतो. पण बसणे म्हणजे सगळे ठीक होणे नव्हे. निखळण्याबरोबर हाडाला तडा गेला असेल, तर ओढताना तो फाकतो. नस दबली असेल, तर ती आधीच दबली होती की ओढल्याने, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून शक्य तिथे बसवण्याआधी एक्स-रे, आणि बसवल्यानंतर पुन्हा एक्स-रे. दुसरा फोटो 'जास्तीचा' वाटतो, तसा तो नाही. सांधा नीट बसला का आणि आधी लपलेले फ्रॅक्चर आहे का, हे त्यातच कळते. मैदानावर तुमच्या हातात एवढेच आहे : हात ज्या स्थितीत आराम वाटतो त्या स्थितीत झोळीत बांधा, खायला-प्यायला देऊ नका, कारण भूल द्यावी लागू शकते, आणि दवाखाना गाठा.

पुढची तपासणी वयावर ठरते, आणि हे फारसे कोणी समजावून सांगत नाही. विशीच्या आतबाहेरच्या खेळाडूचा खांदा एकदा निखळला, की तो पुन्हा निखळण्याची शक्यता अर्ध्याहून अधिक. त्याच्या बाबतीत प्रश्न लॅब्रमचा आणि हाडाच्या काठाचा असतो. त्यासाठी एमआरआय, कधी सांध्यात औषध सोडून केलेला एमआर आर्थ्रोग्राम, आणि काठ किती झिजला हे मोजायला सीटी. वारंवार निखळणाऱ्या खांद्यात हाडाची झीज न मोजता नुसती लॅब्रम शिवली, तर शस्त्रक्रियेनंतरही खांदा निखळण्याचा धोका राहतो. म्हणून इथे सीटीचा डोस वाजवी ठरतो. साठीच्या माणसाचा खांदा पहिल्यांदा निखळला तर पुन्हा निखळण्याची भीती कमी, पण त्याच झटक्यात कफ फाटल्याची शक्यता मोठी. त्याला लवकर सोनोग्राफी किंवा एमआरआय हवा. दुखापत तीच, पण विचारायचा प्रश्न वेगळा, म्हणून तपासणीही वेगळी.

सोनोग्राफी की एमआरआय?

कफ पूर्ण फाटला आहे का, एवढाच प्रश्न असेल तर सराव असलेल्या हातातली सोनोग्राफी एमआरआयच्या बरोबरीने उत्तर देते. ती स्वस्त आहे, पेसमेकर असला तरी चालते, आणि हात हलवत असताना कंडरा कुठे अडकते तेही दाखवते. मग ती कमी का लिहून दिली जाते? एक कारण असे की तिचा दर्जा करणाऱ्याच्या हातावर फार अवलंबून असतो, आणि पोटाची सोनोग्राफी रोज करणाऱ्या प्रत्येकाला खांद्याचा सराव असतोच असे नाही. दुसरे खास आपल्याकडचे : गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ चा कायदा आहे, त्याखाली प्रत्येक सोनोग्राफी यंत्र नोंदवावे लागते आणि ते नोंदणीच्या जागेबाहेर नेण्यावर कडक बंधने आहेत. मुलींच्या जिवासाठी हे बंधन हवेच, पण त्यामुळे काही देशांप्रमाणे हाडांच्या डॉक्टरने टेबलाशेजारच्या यंत्रावर दोन मिनिटांत खांदा पाहावा, असे आपल्याकडे सहजी होत नाही. म्हणून केंद्र निवडताना फोनवर विचारा : "तुमच्याकडे खांद्याची सोनोग्राफी नेहमी होते का, आणि कोण करतात?" कोणत्या प्रश्नाला कोणती तपासणी, ते थोडक्यात असे :

- कफ फाटल्याचा संशय, हात उचलत नाही : सोनोग्राफी किंवा एमआरआय. शस्त्रक्रिया ठरत असेल तर एमआरआय, कारण स्नायूतली चरबी आणि कंडरा किती मागे गेली तेही त्यात दिसते.
- तरुण, खांदा निसटल्यासारखा वाटतो : एमआरआय किंवा आर्थ्रोग्राम. इथे सोनोग्राफी अपुरी पडते.
- फ्रॅक्चरचे तुकडे, शस्त्रक्रियेची आखणी : सीटी.
- मानेतून हाताकडे जाणाऱ्या मुंग्या : खांद्याचा नव्हे, आधी मानेचा विचार.

शिरेतून दिल्या जाणाऱ्या कॉन्ट्रास्टची गरज साध्या कफच्या दुखापतीला नसते. ते सुचवले गेले तर कारण विचारा, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधीच सांगा. '१.५ टेस्ला की ३ टेस्ला' हा एमआरआयच्या चुंबकाच्या ताकदीचा प्रश्न बहुतेकांच्या निर्णयात फरक पाडत नाही. चांगला वाचणारा रेडिओलॉजिस्ट पाडतो.

रिपोर्टमध्ये 'टेअर' लिहिले आहे : आता?

इथे थोडा पुरावा पाहायलाच हवा, कारण सर्वांत जास्त अनावश्यक भीती याच कागदातून घरी येते. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्यांचा खांदा अजिबात दुखत नव्हता अशा ९६ जणांचे एमआरआय काढले. एकूण ३४ टक्क्यांच्या कफमध्ये फाट निघाली. साठीपुढच्या गटात ५४ टक्के, आणि त्यातल्या निम्म्याहून थोड्या अधिक पूर्ण फाटी होत्या. २०११ मध्ये चाळीस ते सत्तर वयाच्या, कोणतीही तक्रार नसलेल्या ५१ पुरुषांची खांद्याची सोनोग्राफी केली, तर ९६ टक्के खांद्यांत काही ना काही 'दोष' सापडला. त्यांपैकी कोणीही रुग्ण नव्हते. म्हणजे साठीच्या माणसाच्या दुखऱ्या खांद्याच्या एमआरआयमध्ये फाट दिसली, तर ती दुखण्याचे कारण असू शकते, किंवा दहा वर्षे मुकाट तिथेच असू शकते. कोणते खरे, हे चित्र सांगत नाही. बोटाने दाबल्यावर, हात फिरवल्यावर, ताकद तपासल्यावर जे मिळते, ते चित्राशी जुळते का, यावरून ते ठरते. रेडिओलॉजिस्ट रिपोर्टच्या तळाशी 'क्लिनिकली कोरिलेट करा' अशी ओळ लिहितात ती नुसती पद्धत म्हणून नाही. त्या ओळीचे काम डॉक्टरांनी हात लावून केले नसेल, तर रिपोर्ट अपुरा वाचला गेला आहे.

शब्दांमुळेही निर्णय झुकतात. एकाच प्रकारच्या खांदेदुखीचे वर्णन काहींना 'कफ फाटला आहे' असे आणि काहींना 'बर्साची (कंडरेजवळच्या पाणीदार पिशवीची) सूज आहे' असे वाचायला देऊन संशोधकांनी लोकांचे मत विचारले आहे. 'फाटला' हे वाचणाऱ्यांना शस्त्रक्रियेची गरज जास्त वाटली. म्हणून नेहमीचे काही शब्द त्यांच्या वजनासह :

- टेंडिनोसिस : कंडरेची झीज. वयाबरोबर फार सामान्य. एकट्याने शस्त्रक्रियेचे कारण नाही.
- पार्शल थिकनेस टेअर : कंडरा जाडीत काही भागापुरती फाटलेली. बहुतेकांना आधी व्यायाम.
- फुल थिकनेस टेअर : जाडीत आरपार भोक. 'फुल' म्हणजे पूर्ण कंडरा तुटली असे नाही. भोक काही मिलिमीटरचेही असते. आकार आणि रिट्रॅक्शन (कंडरा मागे सरकणे) किती, ते विचारा.
- फॅटी इन्फिल्ट्रेशन : स्नायूत चरबी. जास्त असेल तर शिवलेले टिकण्याची शक्यता कमी.
- टाइप टू अक्रोमियन, इम्पिंजमेंट : वरच्या हाडाचा आकार आणि त्याखाली जागा कमी असल्याचा अंदाज. 'हाड घासून जागा करू' असा सल्ला यावरून दिला जातो.

त्या शेवटच्या सल्ल्याची परीक्षा झालेली आहे. ब्रिटनमध्ये ३१३ रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या चाचणीत काहींचे हाड दुर्बिणीने घासले, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली आणि काहींना काहीच केले नाही. घासलेले आणि नुसती दुर्बीण घातलेले यांच्यात उपयुक्त म्हणावा असा फरक नव्हता. फिनलंडमधल्या अशाच एका चाचणीतही तेच दिसले, आणि २०१९ मध्ये 'बीएमजे'च्या तज्ज्ञगटाने ही शस्त्रक्रिया अशा दुखण्यासाठी करू नये अशी ठाम शिफारस केली. मार न लागता झालेल्या आरपार फाटींबद्दलही अमेरिकेतला ४५२ रुग्णांचा अभ्यास आहे : आखून दिलेल्या व्यायामानंतर दोन वर्षांत सुमारे तीनचतुर्थांश जणांना शस्त्रक्रिया लागली नाही.

यावर तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही विचारात घेण्यासारखे आहेत. पहिला : "एमआरआयला किरणे नाहीत, मग पाहून ठेवायला काय हरकत?" हरकत यंत्राची नाही, त्यातून निघणाऱ्या साखळीची आहे. निरुपद्रवी फाट दिसते, भीती बसते, हात वापरणे कमी होते, खांदा आखडतो, आणि मग खरोखर उपचार लागतो. दुसरा : "व्यायामात वेळ घालवला आणि फाट वाढली तर?" हा आक्षेप खरा आहे. नॉर्वेतल्या एका चाचणीत लहान आणि मध्यम फाटींचा दहा वर्षे पाठपुरावा केला. शिवून घेतलेल्यांची स्थिती सरासरीने बरी निघाली, आणि न शिवलेल्यांपैकी काहींच्या फाटी वाढल्या. म्हणजे व्यायाम म्हणजे विसरून जाणे नव्हे. आरपार फाट, वय साठीच्या आत, हाताचे काम कष्टाचे, तर शस्त्रक्रियेची चर्चा लवकर आणि मोकळेपणाने व्हायला हवी. तिसरा : "डॉक्टर हात लावून तपासतच नाहीत, मग रिपोर्टवरच विसंबणार ना?" हा आक्षेप व्यवस्थेवर आहे, आणि दुर्दैवाने बरोबर आहे. त्यावर रुग्णाच्या हातात एवढेच आहे की शर्ट किंवा ब्लाउज सैल करून दोन्ही खांदे तपासले जातील असा आग्रह धरायचा आणि तसे होत नसेल तर दुसरे मत घ्यायचे.

आखडलेला खांदा : इथे एमआरआय बहुधा वाया

चाळीस ते साठ वय, कंगवा फिरवताना किंवा पाठीमागे हुक लावताना कळ, रात्री त्या कुशीवर झोपता न येणे, आणि दुसऱ्याने फिरवूनही हात बाहेर न वळणे. हे सर्व जुळले तर फ्रोझन शोल्डरचे निदान हातानेच होते. सांध्याची झीज किंवा न ओळखलेला मागे निखळलेला खांदा नाही ना, हे पाहायला एक्स-रे पुरतो. एमआरआयऐवजी रक्तातली साखर आणि थायरॉइड तपासा. मधुमेह्यांमध्ये हा आजार कितीतरी जास्त आढळतो आणि कधी कधी मधुमेह आहे हेच खांद्यामुळे पहिल्यांदा कळते.

एमआरआयच्या दिवशी

- पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानातले इम्प्लांट, इन्सुलिन पंप असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, टेबलावर नव्हे. हाडातली जुनी प्लेट असल्यास तिची कागदपत्रे न्या.
- लेथ, ग्राइंडिंग, वेल्डिंगचे काम केले असेल आणि कधी डोळ्यात कण गेला असेल, तर आवर्जून सांगा. लोखंडाचा कण चुंबकात हलू शकतो. आधी डोळ्यांचा एक्स-रे करतात.
- मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी तर काढायचीच. पण करदोट्याचा आकडा, दंडातला ताईत, जानव्याला अडकवलेली किल्ली आणि केसांतल्या पिना हमखास विसरतात. न निघणारे जोडवे आदल्या दिवशी साबणाने सैल करून पाहा.
- बंद नळीची धास्ती असेल तर आधी बोला. तपासणी साधारण अर्धा तास चालते, आवाज मोठा असतो, कानात बोळे देतात, हातात घंटीचे बटण असते.
- खांद्याच्या एमआरआयमध्ये बिघाड होतो तो हालचालीने. हात दुखत असेल तर वेदनाशामक आधी घ्यायची का, हे डॉक्टरांना विचारून ठेवा.
- गरोदरपणाची शक्यता असेल तर कोणत्याही तपासणीआधी सांगा.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर नुसते 'एमआरआय राइट शोल्डर' लिहिलेले असेल तर त्यात एक ओळ लिहून घ्या : केव्हा आणि कसे पडलात, हात कुठपर्यंत जातो, आधी शस्त्रक्रिया झाली आहे का, कशाचा संशय आहे. रेडिओलॉजिस्टला प्रश्न माहीत असेल तर रिपोर्टही प्रश्नाला धरून येतो.

पैसे, विमा आणि तुमचे हक्क

'अमुकच सेंटरला जा' असे सांगितले गेले तरी ते बंधनकारक नाही. रुग्ण हक्कांची सनद राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केली. तपासणी कुठे करायची ते निवडणे आणि दुसरे मत घेणे हे दोन्ही हक्क तिच्यात आहेत. रुग्ण पाठवल्याबद्दल कमिशन देणे-घेणे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार निषिद्ध आहे. आपण ज्याला कट प्रॅक्टिस म्हणतो ती हीच. त्याच नियमांनुसार डॉक्टरांनी भरती रुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपायची असतात आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असतात. तपासणीच्या वेळी फिल्म किंवा छापील रिपोर्टवर समाधान मानू नका. सगळ्या प्रतिमा असलेली सीडी किंवा लिंक मागा, कारण दुसरे मत देणाऱ्याला छापील चार तुकडे पुरत नाहीत. खांदा तपासताना कपडे सैल करावे लागतात. स्त्री रुग्णाने सोबत स्त्री असावी अशी मागणी करणे हाही त्याच सनदेतला हक्क आहे.

विम्याचे दोन खड्डे ओळखून ठेवा. 'एमआरआयसाठी एक दिवस ॲडमिट व्हा, मेडिक्लेममध्ये बसवू' हा सल्ला बहुधा अंगाशी येतो, कारण केवळ तपासणीसाठी भरती होणे हे विमा नियामकाच्या प्रमाणित अपवादांत आहे आणि दावा फेटाळला जातो. उलट, पुढे खरोखर शस्त्रक्रिया झाली, तर भरतीपूर्वीच्या ठराविक दिवसांतल्या तपासण्यांचा खर्च अनेक पॉलिसींमध्ये मिळतो, म्हणून बिल आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपा. रस्ते अपघात असेल तर २०२५ पासून केंद्राच्या योजनेत नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचार आहेत. शिवाय अपघात भरपाईच्या दाव्यात पहिल्या दिवशीचा एक्स-रे आणि नोंद हाच भक्कम पुरावा असतो. 'नंतर दाखवू' म्हटले की दुखापत त्याच अपघातातली हे सिद्ध करणे अवघड जाते.

पुन्हा एमआरआय कधी?

तीन महिन्यांच्या व्यायामाने दुखणे गेले आणि हात पूर्ण वर जाऊ लागला, की अनेकांना 'फाटलेले भरले का' ते पाहायचे असते. बहुतेक फाटी भरत नाहीत. भोवतालचे स्नायू काम उचलून घेतात. आता रिपोर्ट काहीही आला तरी उपचार बदलणार नाही, तेव्हा पैसे वाचवा. नवीन मार, अचानक गेलेली ताकद किंवा शस्त्रक्रियेनंतर पुन्हा सुरू झालेली कमजोरी, ही मात्र पुन्हा पाहण्याची खरी कारणे. आणि साठीच्या आत असाल, आरपार फाट असेल आणि शस्त्रक्रिया न करण्याचे ठरवले असेल, तर वर्षभराने भोकाची रुंदी पुन्हा मोजून घ्या. सोनोग्राफी पुरते; शक्य तर त्याच केंद्रात, आणि जुनी सीडी सोबत घेऊन.